जीपीएस, ॲप आणि सत्तर बस: पैसे आधी कुठे लावावेत?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हाला तपासता येईल. तुमच्या महापालिकेकडे साधारण सत्तर बस आहेत, जवळपास सगळ्या डिझेलच्या. आता जीपीएस, प्रवाशांसाठी ॲप, थांब्यांवर डिजिटल फलक, नियंत्रण कक्ष आणि वेळापत्रक आपोआप लावणारं सॉफ्टवेअर, हे सगळं एकाच निविदेत घ्यायचा प्रस्ताव आहे. पुढच्या वर्षी पंचवीस ई-बसही येणार आहेत. परिवहन समितीच्या बैठकीत तुम्हाला नागरिकांच्या वतीने मत मांडायचंय. यातून डिझेल आणि धूर खरंच कमी होईल का, बस वेळेवर येतील का, आणि पैसे मर्यादित असतील तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता तुम्ही एक ओळ लिहिलीत, की तुमच्या आई रुग्णालयात परिचारिका आहेत आणि संध्याकाळी ड्युटी सुटल्यावर पाऊण-पाऊण तास थांब्यावर उभ्या असतात. मला विचाराल तर खरा प्रश्न त्याच ओळीत आहे.

मी एका शहर बससेवेच्या वाहतूक विभागात चोवीस वर्षं काढली. सुरुवात आगारात टाइमकीपर म्हणून झाली, शेवटची नऊ वर्षं वेळापत्रक कक्षात गेली. जीपीएस नसतानाचं काम मी केलंय आणि जीपीएस आल्यानंतरचंही. त्या अनुभवावरून सरळ उत्तर देतो: फरक पडतो, चांगलाच पडतो. पण तो यंत्र बसवल्याच्या दिवशी पडत नाही. यंत्राने दाखवलेलं पाहून कुणीतरी वेळापत्रक, ड्युटी चार्ट आणि रात्री गाड्या उभ्या करायच्या जागा बदलतो, त्या दिवशी पडतो. त्यामुळे निविदेत काय काय आहे यापेक्षा, रोजची माहिती कुणाच्या टेबलावर जाणार आणि त्या माणसाला वेळापत्रक बदलायचा अधिकार आहे का, हे आधी विचारा.

काही गोष्टी तुमच्या शहरावर अवलंबून आहेत, त्या सुरुवातीलाच सांगून टाकतो. बस महापालिकेच्या मालकीच्या आहेत की ठेकेदाराच्या, चालक-वाहक कायम आहेत की कंत्राटी, रस्ते किती खणलेले आहेत, आणि आगार गावाबाहेर आहे की मध्यवस्तीत, यावर माझं म्हणणं थोडं इकडेतिकडे होईल. क्रम मात्र बदलणार नाही.

आधी थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाचा हिशेब मांडू. समजा एका मार्गावर दर दहा मिनिटांनी गाडी आहे, तासाला सहा. सगळ्या अगदी सारख्या अंतराने आल्या, तर थांब्यावर केव्हाही येणाऱ्या प्रवाशाला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. आता त्याच सहा गाड्या जोडीजोडीने येताहेत असं धरा: दोघींमध्ये दोन मिनिटं, मग अठरा मिनिटं काहीच नाही. दर वीस मिनिटांत येणाऱ्या प्रवाशांपैकी नव्वद टक्के त्या अठरा मिनिटांच्या खाईत सापडतात आणि सरासरी नऊ मिनिटं थांबतात. उरलेल्या दहा टक्क्यांना एकच मिनिट लागतं. एकूण सरासरी ८.२ मिनिटं. आणि दोन्ही गाड्या अगदी चिकटूनच आल्या तर सरासरी दहा. म्हणजे सहा गाड्यांचं डिझेल जाळायचं, सहा चालकांचा पगार द्यायचा, आणि प्रवाशाच्या पदरात तीन गाड्यांचीच सेवा पडायची.

गाड्या अशा का चिकटतात? कारण उशीर उशिराला जन्म देतो. पुढच्या गाडीला दोन मिनिटं उशीर झाला की पुढच्या थांब्यावर माणसं जास्त जमतात, त्यांना चढायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. तिच्या मागच्या गाडीला माणसंच मिळत नाहीत, म्हणून ती पुढे सरकते आणि शेवटी गाठते. न्यूवेल आणि पॉट्स यांनी १९६४ सालीच हे गणिताने दाखवलं होतं. चालक चांगला आहे की वाईट हा मुद्दाच नाही, मोकळं सोडलं तर हे आपोआप घडतंच. लंडनमध्ये दाट फेऱ्यांच्या मार्गांवर बस ‘वेळेवर’ आहे का हे न मोजता, प्रवाशाला हक्काच्या वेळेपेक्षा किती जास्त थांबावं लागलं ते मोजतात, आणि बस चालवणाऱ्या कंपन्यांचा बोनस व दंड त्यावर ठरतो. तुमच्या निविदेत यश मोजायची पट्टी कोणती आहे ते बघा. ‘किती टक्के गाड्यांचं जीपीएस चालू आहे’ एवढंच असेल, तर ठेकेदाराचं बिल निघेल आणि तुमच्या आई तिथेच उभ्या असतील.

आता पहिलं काम, वेळापत्रक. मी ज्या कक्षात बसत होतो तिथे बहुतेक मार्गांचा धावण्याचा वेळ वर्षानुवर्षं तोच होता. एक मार्ग सांगतो: रेल्वे स्टेशन ते औद्योगिक वसाहत, चौदा किलोमीटर. कागदावर एका बाजूला ४५ मिनिटं, पहाटे पहिल्या फेरीपासून रात्री शेवटच्या फेरीपर्यंत. कुणीतरी पूर्वी एकदा गाडीत बसून घड्याळ लावून काढलेला तो आकडा होता, आणि काढला तेव्हा बरोबरच असणार. जीपीएस आल्यावर आम्ही दोन महिन्यांच्या फेऱ्या काढून तासातासाने मांडल्या. सकाळी साडेसहाला तेच अंतर ३४ मिनिटांत कापलं जात होतं. दुपारी ४५ जवळपास बरोबर होतं. संध्याकाळी सहा ते आठ ५८ मिनिटं लागत होती, आणि शुक्रवारी त्याहून जास्त.

याचा अर्थ पाहा. वीस मिनिटांनी एक गाडी द्यायची म्हणून त्या मार्गावर पाच गाड्या होत्या: जायला ४५, यायला ४५, आणि दोन्ही टोकांना मिळून दहा मिनिटं विसावा, म्हणजे शंभर मिनिटांचा फेरा. सकाळी तो फेरा ऐंशी मिनिटांत पुरा व्हायचा, चार गाड्यांत भागलं असतं. पाचवी गाडी शेवटच्या थांब्यावर नुसती उभी राहायची, किंवा चालक मधल्या थांब्यांवर रेंगाळत चालवायचे. संध्याकाळी जाण्यायेण्याची ११६ मिनिटं आणि थोडा विसावा धरला तर १३० मिनिटं लागायची, आणि पाच गाड्यांत वीस मिनिटांची वारंवारिता कुणाच्या बापाला जमली नसती. वेळापत्रक पाळलं जात नव्हतं, कारण ते पाळण्याजोगं नव्हतंच. रोज संध्याकाळी दोन फेऱ्या रद्द व्हायच्या आणि रजिस्टरात कारण लिहिलं जायचं, ‘वाहतूक कोंडी’.

आम्ही सकाळी चार, दुपारी पाच आणि संध्याकाळी सहा गाड्या केल्या. संध्याकाळची वारंवारिता वीसऐवजी बावीस मिनिटं अशी जाहीर केली. सहावी गाडी शेजारच्या एका मार्गावरून काढली, जिथे उलट गरजेपेक्षा जास्त वेळ दिला होता. एकही नवी बस घेतली नाही. कागदावर सेवा दोन मिनिटांनी ‘कमी’ झाली होती, म्हणून वर समजावून सांगायला मला तीन बैठका लागल्या. पण जाहीर केलेली बावीस मिनिटं खरी ठरू लागली, तेव्हा नियंत्रकांच्या खिडकीवरची भांडणं थांबली.

हे करताना एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. सरासरी वेळ घेऊन वेळापत्रक लावायचं नसतं. सरासरी घेतली तर जवळपास निम्म्या फेऱ्या शेवटच्या टोकाला उशिराच पोहोचणार. मी मधल्या थांब्यांसाठी मधला आकडा घ्यायचो, म्हणजे निम्म्या फेऱ्या ज्याच्या आत पोहोचतात तो. शेवटच्या टोकाला मात्र शंभरातल्या पंच्याऐंशी फेऱ्या सामावतील इतका वेळ, विसाव्यासकट, ठेवायचो. मग एका फेरीचा उशीर पुढच्या फेरीच्या डोक्यावर बसत नाही. आणि विसावा हा विसावाच असतो. चालकाला लघवीला जायला, पाणी प्यायला तो वेळ लागतो. १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात हे होतं: दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि कामाचा एकूण पसारा बारा तासांच्या आत. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, तेव्हा आजचे नियम तपासून घ्या. वेळापत्रक लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अशी बंधनं आधी भरावी लागतात. ती न भरता काढलेला ड्युटी चार्ट पडद्यावर फार देखणा दिसतो आणि पहिल्याच सोमवारी मोडतो.

सॉफ्टवेअर घ्यावं का? सत्तर बस आणि आणखी पंचवीस, एवढ्यांसाठी हो, उपयोग आहे. हाताने गाड्या आणि ड्युट्यांची जुळणी करायला आम्हाला आठवडे लागायचे, म्हणून वर्षातून एकदाच करायचो. संगणक तेच काम काही तासांत अनेक पद्धतींनी करून दाखवतो, त्यामुळे शाळा सुरू होताना, गणपतीत, दिवाळीत वेगळं वेळापत्रक लावणं परवडतं. पण खरे धावण्याचे वेळ हातात नसताना ते घेऊ नका. चुकीच्या पंचेचाळीस मिनिटांवर सर्वोत्तम जुळणी काढली, तरी उत्तर चुकीचंच येणार.

आता ॲपबद्दल. प्रवाशांना सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर ॲपवर दिसणाऱ्या पण रस्त्यावर नसलेल्या गाडीचा. ही गाडी कुठून येते ते आगारात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पहाटेचे सव्वापाच वाजलेत. पाच पस्तीसच्या ड्युटीला लावलेली गाडी सुरू होते, पण हवा धरत नाही, ब्रेकच्या टाकीचा काटा वरच चढत नाही. मेकॅनिक मान हलवतो. फोरमन दुसरी गाडी देतो, टाइमकीपर रजिस्टरात ‘बदली गाडी’ लिहितो, चालक-वाहक निघून जातात. सगळं नियमाप्रमाणे झालं. फक्त संगणकात त्या ड्युटीपुढे जुन्याच गाडीचा नंबर राहिला. आता दिवसभर ॲप त्या बिघडलेल्या गाडीचा ठिकाणा दाखवणार, नाहीतर तिचं वेळापत्रकच ‘अंदाजे वेळ’ म्हणून दाखवणार. आणि प्रत्यक्ष धावणारी गाडी कुणाला दिसणारच नाही.

आमच्याकडे यावर चाललेला उपाय साधा होता. वाहक तिकीट मशीन उघडतो तेव्हा ड्युटी क्रमांक तर टाकतोच, त्याच वेळी गाडीचा नंबरही टाकायचा, आणि तो टाकल्याशिवाय पहिलं तिकीट निघायचं नाही. गाडी, ड्युटी आणि माणूस यांची गाठ तिथेच बांधली जाते. मध्येच गाडी बदलली तर पुन्हा नंबर टाकायचा. तुमच्या निविदेत जीपीएस एका कंपनीचं आणि तिकीट मशीन दुसरीचं असेल, तर ही गाठ कोण बांधणार हे लेखी विचारा. माझ्या मते ॲपचं रंगरूप, फलकांचा आकार, हे सगळं याच्यानंतर येतं.

इथेच एक पैसे वाचवणारी गोष्ट सांगतो. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-१४० मानकाचं ट्रॅकिंग यंत्र आणि पॅनिक बटण बंधनकारक आहे. तुमच्या नव्या गाड्यांत ते आधीच असणार, आणि ते एकाहून जास्त सर्व्हरला माहिती पाठवू शकतं. तेव्हा त्याच गाडीत दुसरं यंत्र बसवायचं बिल येत असेल तर कारण विचारा. जुन्या गाड्यांना मात्र नवं घ्यावं लागेल.

तिकिटांच्या माहितीबद्दल एक सावधगिरी. मशीनमधून माणूस कोणत्या टप्प्यावरून कोणत्या टप्प्यापर्यंत गेला ते कळतं, आणि हे सोनं आहे. पण पासधारक त्यात दिसत नाहीत. कॉलेजच्या मार्गावर सकाळी साठ मुलं लोंबकळत जात असतात आणि मशीन म्हणतं तिकिटं अकरा. फक्त उत्पन्न पाहून अशा फेऱ्या बंद केल्याचं मी पाहिलंय, आणि ती मुलं पुढच्या महिन्यात दुचाकीवर गेली. ती परत बसकडे येत नाहीत. पासधारकांसाठी मशीनवर शून्य रकमेचं तिकीट काढायची सवय वाहकांना लावा. ते जमेपर्यंत वर्षातून दोन-तीन दिवस माणसं उभी करून डोकी मोजा.

डिझेल आणि धुराकडे येतो, कारण तुमचा तो थेट प्रश्न होता. सगळ्यात सोपी बचत रिकाम्या किलोमीटरमध्ये असते. आगारातून पहिल्या थांब्यापर्यंत आणि रात्री शेवटच्या थांब्यापासून आगारापर्यंत गाडी प्रवाशांविना धावते, त्याला आम्ही डेड किलोमीटर म्हणतो. समजा कुठली गाडी कुठे मुक्कामाला ठेवायची आणि कुठली ड्युटी कुठून सुरू करायची एवढंच बदलून, गाडीमागे दिवसाला पाच किलोमीटर वाचले. सत्तर गाड्यांचे साडेतीनशे किलोमीटर. लिटरला साडेतीन किलोमीटर धरले तर रोजचं शंभर लिटर डिझेल, वर्षाला ३६,५०० लिटर. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे वर्षाला सुमारे ९८ टन. यात एकाही प्रवाशाची फेरी कमी झालेली नाही. हा हिशेब तुमच्या आगारातल्या लॉगशीटवरून कुणीही एका आठवड्यात करू शकेल, आणि त्याला जीपीएस लागतच असं नाही.

दुसरी बचत उभ्या गाडीच्या चालू इंजिनात आहे. मोठं डिझेल इंजिन नुसतं चालू राहिलं तरी तासाला दोन लिटरच्या आसपास पितं. जीपीएसमधून ‘इंजिन चालू, वेग शून्य’ अशा नोंदी निघतात, पण त्या दोन भागांत वेगळ्या करायच्या: सिग्नलवर अडकलेली गाडी आणि शेवटच्या थांब्यावर उभी असलेली गाडी. पहिलीत चालकाचा दोष नाही. दुसरीतही लगेच दोष देऊ नका. आमच्याकडे काही चालक इंजिन बंद करायचेच नाहीत, आणि आम्ही त्यांना बेफिकीर समजत होतो. विचारल्यावर कळलं की त्या गाड्यांच्या बॅटऱ्या गेल्या होत्या, बंद केली तर धक्का मारायला माणसं शोधावी लागत. बॅटऱ्या बदलल्या आणि प्रश्न तिथेच मिटला.

हवेच्या दृष्टीने सर्वात मोठा फायदा मात्र बसच्या डिझेलमध्ये नाही, रस्त्यावरच्या दुचाक्यांमध्ये आहे. बस भरवशाची झाली तरच माणूस दुचाकी घरी ठेवतो. म्हणून मी सुरुवात थांब्यावरच्या प्रतीक्षेपासून केली.

आता ई-बस. पंतप्रधान ई-बस सेवा योजना ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली, १६९ शहरांसाठी दहा हजार बसची. तुमच्या पंचवीस गाड्या त्यातल्या असोत वा दुसऱ्या मार्गाने येणाऱ्या असोत, बहुधा ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे द्यायचा करार असेल. त्यात ‘किलोमीटर’ म्हणजे काय हे नीट वाचा. रिकामे किलोमीटर धरायचे का, रद्द झालेल्या फेरीचं काय, आणि मोजणी कुणाच्या यंत्राने? ठेकेदाराला किलोमीटरशी मतलब असणार आणि ते साहजिक आहे. त्यामुळे वेळापत्रक ठरवायचा अधिकार आणि मोजणीची माहिती, दोन्ही महापालिकेच्या हातात राहिली पाहिजेत.

ई-बसमध्ये स्वयंचलनाचा खरा उपयोग आगारात होतो, रात्री अकरा ते पहाटे पाच. हिशेब करू. पंचवीस गाड्या, प्रत्येकीला रात्रीतून १६० युनिट वीज लागते असं धरा, एकूण चार हजार युनिट. प्रत्येक गाडीसाठी १२० किलोवॅटचा चार्जर आहे आणि सगळ्यांनी अकरा वाजता आल्या आल्या प्लग लावला, तर त्या क्षणी मागणी तीन हजार किलोवॅट. तीच वीज सहा तासांवर पसरवून दिली तर पावणेसातशे किलोवॅटच्या आतच भागतं. वीज बिलात वापरलेल्या युनिटांबरोबर कमाल मागणीचाही आकार असतो, आणि ट्रान्सफॉर्मर, केबल, सगळं त्या कमाल आकड्याला पुरेल असं बसवावं लागतं. तेव्हा कोणती गाडी केव्हा चार्ज करायची हे ठरवणारी प्रणाली पहिल्या दिवसापासून हवी, नंतर जोडू असं म्हणू नका. चार्जरही मग पंचवीस लागत नाहीत.

पण त्या प्रणालीला पहाटेचा ड्युटी चार्ट माहीत असला पाहिजे. पाच वाजता निघणारी गाडी आधी भरायची, सात वाजताची नंतर. आणि पाचची गाडी सातच्या गाडीच्या मागे अडकून उभी राहता कामा नये. रात्री गाड्या कोणत्या रांगेत लावायच्या हे रखवालदाराच्या सोयीवर सोडलं, तर चांगल्यातली चांगली प्रणालीही पहाटे हात टेकते. उन्हाळ्यात वातानुकूलन जास्त चालतं आणि एका चार्जिंगमध्ये गाडी कमी धावते, म्हणून मे महिन्याचं वेळापत्रक वेगळं लावा. दुपारच्या मोकळ्या वेळात तासभर चार्जिंग ठेवता आलं तर उत्तम, त्या वेळी सौर वीज भरपूर असते आणि दिवसाच्या वेळेनुसार दर असतील तर तीच स्वस्त पडते.

एक चूक आमच्या हातून झाली, ती तुमच्याकडे होऊ नये म्हणून मनापासून सांगतो. जीपीएस आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात उशिराने येणाऱ्या चालकांना मेमो द्यायला सुरुवात झाली, आणि त्या निर्णयावर माझीही सही होती. महिन्याभरात अहवालात उशीर कमी दिसायला लागला. आम्ही खूश होतो. त्याच वेळी ‘गाडी थांबली नाही’ अशा तक्रारी वाढायला लागल्या. एका संध्याकाळी मी साधा प्रवासी म्हणून मागच्या सीटवर बसून गेलो. एका थांब्यावर एक म्हातारे गृहस्थ काठी बगलेत धरून हात करत होते. चालकाने समोरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि गाडी तशीच पुढे काढली. मी नंतर त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, “साहेब, मशीनला थांबा दिसत नाही, उशीर दिसतो.” आम्ही त्याला ४५ मिनिटांत ५८ मिनिटांचा रस्ता कापायला सांगत होतो आणि न जमल्याबद्दल शिक्षा करत होतो. वेळापत्रक दुरुस्त होईपर्यंत निदान सहा महिने या माहितीवरून कुणालाही मेमो मिळणार नाही, असा ठराव तुमच्या समितीने करावा. चालक आणि वाहक विश्वासाने बोलले, तर नकाशावर न दिसणारी कारणं ते सांगतात: कुठला खड्डा, कुठला भाजी बाजार, कुठल्या शाळेबाहेरच्या रिक्षा.

नियंत्रण कक्षाबद्दल थोडक्यात. मोठा पडदा आणि वीस खुर्च्या तुमच्या आकाराच्या सेवेला लागत नाहीत. दोन जाणती माणसं, दोन पडदे, आणि प्रमुख टोकांवरच्या नियंत्रकांकडे टॅब, एवढ्यावर चालतं. पण त्या दोघांना “मागची गाडी तीन मिनिटं थांबवा”, “ही गाडी अर्ध्यातून परत फिरवा” असं सांगायचा अधिकार हवा. गाड्या चिकटण्यावर हाच एक रोजचा उपाय आहे. सिग्नलवर बसला आधी हिरवा दिवा मिळण्याची यंत्रणाही असते, पण बस ज्या रांगेत अडकलीय ती रांगच हलत नसेल तर पुढच्या दिव्याचा फारसा फायदा होत नाही. त्याआधी बसला थोडी मोकळी मार्गिका किंवा निदान थांब्यापुढचं पार्किंग हटवणं जास्त कामी येतं.

निविदेत दोन अटी मात्र सोडू नका. पहिली, सगळी माहिती महापालिकेच्या मालकीची, कच्च्या स्वरूपात, कधीही काढून घेता येईल अशी, आणि ठेका संपल्यावरही. दुसरी, मार्ग, थांबे आणि गाड्यांचे ताजे ठिकाणे जीटीएफएस या खुल्या स्वरूपात प्रसिद्ध झाले पाहिजेत. अमेरिकेत पोर्टलँडच्या ट्रायमेट या परिवहन संस्थेने २००५ मध्ये गूगलबरोबर ते घडवलं आणि आज जगभर चालतं. आपल्याकडे कोची मेट्रोने आणि दिल्ली सरकारने २०१८ मध्ये आपली माहिती अशी खुली केली. असं केलं की प्रवासी आधीपासून वापरतो त्याच नकाशात तुमची बस दिसते, आणि स्वतंत्र ॲपवरचा बराच खर्च टळतो.

तर क्रम असा: आधी खऱ्या धावण्याच्या वेळांवरून वेळापत्रक, त्याच बरोबर गाडी-ड्युटीची गाठ, मग मुक्काम आणि रिकामे किलोमीटर, ई-बस येण्याआधी चार्जिंगची आखणी, आणि प्रवाशांसमोर ॲप व फलक सगळ्यात शेवटी. सहा महिन्यांच्या अंतराने दोन टप्प्यांत निविदा काढायला समिती तयार होत असेल, तर त्यासाठी आग्रह धरा.

बैठकीला जायच्या आधी एक करा. आई ज्या थांब्यावर उभ्या राहतात, तिथे आठवडाभर संध्याकाळी साडेसहा ते आठ वही घेऊन उभे राहा. प्रत्येक गाडीचा मार्ग क्रमांक, गाडीचा नंबर, आल्याची वेळ, आणि ती थांबली की नाही, एवढंच लिहा. मग त्याच मार्गाचं त्याच आठवड्याचं छापील वेळापत्रक, रद्द फेऱ्यांचं रजिस्टर आणि तिकीट मशीनचा अहवाल परिवहन व्यवस्थापकांकडे लेखी मागा. चारही कागद शेजारी ठेवले की कुठे फट आहे ते तुमचं तुम्हालाच दिसेल. तो तक्ता तयार झाला की इथेच टाका, पुढचं वेळापत्रक कसं मांडायचं ते त्याच मार्गावर आपण मिळून करून बघू.